निरोग्यांच्या रांगेतली नळी

९ फेब्रुवारी

टिटवे,

तीन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी खळ शिजवत होते. एका हाताने पातेलं ढवळत होते आणि दुसऱ्या हाताने आदल्या दिवशीची कागदाची कातरण पोत्यात कोंबत होते. बाजूच्या शेगडीवर दूध उतू जायच्या बेतात होतं. तुझे काका खिडकीपाशी स्टुलावर बसून बांधणीला आलेल्या पुस्तकांचे फर्मे झाडून सारखे करत होते. नवा खुबा बसवून नुकतेच घरी आलेले, काठी मांडीवर आडवी. तेवढ्यात तू आलीस. हातात निळा डबा, गळ्यात प्रयोगशाळेचा बिल्ला. म्हणालीस, आजारी माणसांचं रक्त आमच्याकडे रग्गड आहे, निरोगी माणसं मिळत नाहीत. हे म्हणाले, हिचं घे, पण नळीत खळ आली तर मला विचारू नकोस. मी डावा हात तुझ्यापुढे केला आणि उजव्याने ढवळत राहिले. तू ओरडलीस, काकू हलू नकोस. मी म्हटलं, खळ खाली लागली तर तुझे काका मला हलवतील.

हे आज आठवायचं कारण म्हणजे काल दवाखान्यात पुन्हा रक्त काढलं. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून कळवलं नव्हतं, पण माझी बोटं गेलं वर्षभर सकाळी सुजलेली असतात. उठल्यावर मूठ वळत नाही. सुईत दोरा ओवायचा तर शेजारणीला हाक मारावी लागते. सुरुवात झाली तेव्हा हे होते. हे म्हणाले, थंडीचं आहे, जाईल. मग थंडी गेली, हेही गेले, सूज तेवढी राहिली. मी रोज खळीच्या गरम पाण्यात हात बुडवून काम ढकललं. आता उजव्या हाताची दोन बोटं वाकडी दिसायला लागली तेव्हा गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा संधिवात वयाचा नव्हे, तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उठलंय. मी म्हटलं, म्हणजे कुंपणच शेत खातंय. त्या हसल्या आणि तेच कागदावर लांबलचक नाव देऊन लिहिलं.

तुझं काम याच आजारावर चालतं ना? मला नीट समजावून सांग. फोनवर नको, फोनवर तू भरभर बोलतेस आणि ठेवतेस. कागदावरचं मी पुन्हा वाचू शकते. माझं वाचन तुला माहीत आहे, बांधायला आलेला फर्मा हातात पडेल तिथून. अर्ध्या जगाची मधली पानं मला पाठ आहेत, सुरुवात आणि शेवट ठाऊक नाही. या एका गोष्टीचं तरी पहिल्या पानापासून कळू दे.

बाकी बरं चाललंय. काम थोडं घेते. दाबयंत्राचं चाक फिरवताना यांची फार आठवण येते. शेवटची दोन वर्षं त्यांनी मला त्या चाकाला हात लावू दिला नाही. स्वतः काठी टेकवून उठायचे आणि फिरवायचे. मी चिडायचे, मी काय म्हातारी झाले का म्हणून भांडायचे. आता वाटतं, आयुष्यभर तोंडाने कधी बोलले नाहीत ते त्या चाकातून बोलत होते. एकटीला बसल्या बसल्या तेवढं पुरतं.

तुझी
काकू


१८ फेब्रुवारी

काकू,

तुझं पत्र वाचलं. इतके दिवस अंगावर काढलंस? मला एक ओळ लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं? आता ओरडत नाही, समजावते.

हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत पांढरी गादी असते, ती कूर्चा. सांधा वाकतो तेव्हा हाड हाडावर घासत नाही ते तिच्यामुळे. तिच्यात रक्तवाहिनी नाही, दुखणं कळवणारा मज्जातंतू नाही. त्यामुळे तिला काही होत असलं तरी तिचं तिला दुखत नाही. दुखायला लागतं ते आजूबाजूचं सुजल्यावर. ही कूर्चा आतून धाग्यांची विणलेली असते. प्रत्येक धागा तीन पदरी पिळाचा, आपल्या शिलाईच्या दोऱ्यासारखा.

आता अँटीबॉडी. रक्तात बाहेरच्या जंतूंना पकडायला हे कण असतात. प्रत्येकाला पुढे दोन चिमटे आणि मागे एक शेपूट. चिमट्यांनी जंतू पकडायचा, शेपूट बाहेर ठेवायची. ती शेपूट बघून बाकीची फौज धावत येते आणि पकडलेल्याचा फडशा पाडते. या आजारात काही अँटीबॉडी घरच्यालाच चोर समजतात. ठराविक जागी धागा पकडून बसतात, आणि फौजेला काय, तिला शेपूट दिसली की पुरे. ती कूर्चेवरच तुटून पडते. तुझी कुंपणाची म्हण आमच्या सरांना सांगितली पाहिजे.

सगळ्यांचं असं नसतं. पुष्कळांच्या अँटीबॉडी दुसऱ्याच कशाकशाला धरतात. तुझ्या मात्र थेट कूर्चेच्या धाग्याला धरतात आणि घट्ट धरतात, म्हणून तू औषध एक दिवससुद्धा चुकवू नकोस. गोळ्यांनी मळमळेल, तरी सोडायच्या नाहीत. आणि गरम पाण्यात हात बुडवणं म्हणजे आग लागलेल्या घरात पंखा लावणं आहे, ते बंद कर.

इथे कामातून मान वर काढता येत नाही, नाहीतर आजच निघाले असते. काकांच्या चाकाचं वाचून रडू आलं.

तुझी
टिटवी


२७ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं पत्र छान उतरलंय. शाळेत असताना निबंध माझ्याकडून लिहून घ्यायचीस, आता मला शिकवतेस. मी ते दोनदा वाचलं आणि पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. म्हटलं, आपल्याला कळतंय हे त्यांनाही कळू दे.

त्यांना शेपटीचं फार आवडलं. मग मी ऐटीत म्हटलं, माझ्या अँटीबॉडी तर थेट धाग्यालाच धरतात. त्यांनी चष्मा काढला. हे कोणी सांगितलं, म्हणाल्या. मी म्हटलं, पुतणीने. त्या म्हणाल्या, आम्ही रक्तात अँटीबॉडी आहेत एवढंच बघतो. त्या कूर्चेच्या धाग्याला चिकटतात का हे बघायला खरी कूर्चा कापून काचेवर ठेवावी लागते. ते इथे होत नाही, कुठल्याच दवाखान्यात होत नाही, ते संशोधनाचं काम. तुमच्या रक्ताचं असं कधी बघितलं गेलंय का?

मी म्हटलं, नाही. मग घरी येताना वाटेत तो निळा डबा डोळ्यांसमोर आला.

त्यांनी हाताचे फोटोही दाखवले. दोन सांध्यांतली फट संपली आहे. म्हणाल्या, सूज आल्या आल्या आला असतात तर हे वाचलं असतं, आता आहे ते राखू. मी विचारलं, शिलाई? त्या म्हणाल्या, सुई आता दुसऱ्याच्या हातात द्या.

एकच विचारते. माझं रक्त कूर्चेला चिकटतं हे तू कधी पाहिलंस?

काकू


५ मार्च

काकू,

तू किती बारीक वाचतेस! ते मी आपलं सर्वसाधारण लिहिलं होतं. तुझी लक्षणं ऐकून अंदाज केला. घाईत लिहिताना माणूस असं लिहून जातो. डॉक्टरीणबाई नव्या दिसतात, त्यांना वाटतं सगळं पुस्तकातच असतं.

पुढच्या महिन्यात येऊन जाते. तुझ्यासाठी सांध्यांचे पट्टे आणते, झोपताना बांधायचे. औषध चालू आहे ना?

टिटवी


११ मार्च

टिटवे,

सर्वसाधारण असतं तर सगळ्यांच्या तशा नसतात असं आधी लिहून मग तुझ्या मात्र असं लिहिलं नसतंस. मी आयुष्यभर फर्मे क्रमाने लावत आले. एक पान मागेपुढे झालं तर मला हाताला कळतं.

डॉक्टरीणबाईंना नावं ठेवू नकोस. त्यांनी मला बसवून सांगितलं.

तू बारा वर्षांची असताना आमच्या घरी आलीस. तेव्हापासून खोटं बोललीस की आधी कशाची तरी भेट आणतेस. पट्टे नकोत.

कधी पाहिलंस?

काकू


२२ मार्च

काकू,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

त्या सकाळी तुझं रक्त नेलं ते निरोगी माणसाचं म्हणूनच. आमची पद्धत अशी की काचेवर कूर्चेचा पातळ काप ठेवायचा, त्यावर रक्तातलं पिवळं पाणी सोडायचं, धुवायचं, मग शेपटीला चिकटणारा रंग घालायचा. अँटीबॉडी धाग्याला बसल्या असतील तर कापाची कड हिरवी उजळते. एका रांगेत आजाऱ्यांच्या काचा, दुसऱ्या रांगेत निरोग्यांच्या. निरोग्यांची रांग काळी राहायला हवी, तरच आजाऱ्यांची उजळलेली खरी मानतात.

तुझी काच उजळली. इतकी स्वच्छ उजळली की आजाऱ्यांतसुद्धा तशी एखादीच होती. मी सरांना दाखवली. ते म्हणाले, नळी बदलली असणार, निरोग्याचं असं येत नाही. मी तुझ्या नळीतलं पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मग ते म्हणाले, ही काच रांगेतून काढ, आकडे बिघडतील. आणि दात्यांना निकाल कळवायचे नाहीत असं आपलं ठरलेलं आहे, त्यांच्या सह्या आहेत. तुझीही होती, काकू. तू न वाचता केलीस कारण कागद मी पुढे केला होता.

तेव्हा आम्हालाही पक्कं माहीत नव्हतं. दुखायच्या कितीतरी आधीपासून अँटीबॉडी रक्तात फिरत असतात हे दिसत होतं, पण काहींना पुढे काहीच होत नाही. आधीच द्यावं असं ठरलेलं औषधही नव्हतं. मग तुला सांगून काय करायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

पण मनात राहीना, म्हणून मी काकांना सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, हिला बोलू नकोस. आज ती हसतेय, काम करतेय, उद्याचं उद्या बघू. मी म्हटलं, तिचे हात सांभाळा, जड काम देऊ नका, आणि बोटं सुजली तर त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. चाकाचं ते तिथून आहे. तू त्या चाकाबद्दल लिहिलंस तेव्हाच मला कळलं की आता हे लपणार नाही.

बोटं सुजली तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, आजच न्या. ते म्हणाले, ग्रंथालयाचं मोठं काम अंगावर आहे, शिलाईला दुसरं कोणी नाही, एवढं संपू दे. ते संपलं त्याच महिन्यात ते गेले. त्यानंतर तुला सांगायचं म्हणजे त्यांना उघडं पाडायचं. तू त्यांच्या आठवणीवर उभी होतीस. मला तेवढं काढून घेता आलं नाही.

अजून एक आहे. पुढे कधी दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. तुझं रक्त ज्या कूर्चेवर उजळलं ती काकांची होती. खुब्याचं मोडलेलं हाड ऑपरेशनमध्ये काढलं, ते त्यांनी आम्हाला शिकायला दिलं होतं ना, त्याच्या टोकावरची. मोडलेल्या खुब्याची कूर्चा बऱ्याचदा चांगली असते, म्हणून आम्ही तीच वापरतो. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, म्हणजे हिने मला सोडलं नाही.

आता जे लिहिते त्यासाठी तू मला काहीही म्हण. तुझी जुनी नळी अजून आमच्या शीतपेटीत आहे. आजाराच्या आधीचं आणि नंतरचं, एकाच माणसाचं रक्त आमच्याकडे जवळजवळ नाहीच. ते असेल तर पुढच्या माणसांना वेळेत ओळखता येईल. सर विचारत होते, तू पुन्हा एकदा देशील का. त्या निरोगी रांगेत तुझ्याखेरीज आणखी एका बाईची काच उजळली होती, फिकट, तीही आम्ही काढली होती. तिचं पुढे काय झालं ते माहीत नाही, नियमामुळे तिला कोणी कळवलेलं नाही. तुझी मात्र आम्हाला पूर्ण गोष्ट माहीत आहे.

मी तुझ्या हातचं खाऊन मोठी झाले. मी काय केलं ते मला कळतं.

टिटवी


३ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दाबयंत्रात पुस्तकं लावून ठेवली होती. चाक फिरवायला उठले आणि तसंच सोडून दिलं. पुस्तकं तशीच सैल पडून राहिली, दुसऱ्या दिवशी पुठ्ठे फुगले.

तुझ्या पत्रात पुष्कळ कारणं आहेत आणि एकही खोटं नाही. सह्या होत्या, नियम होता, औषध नव्हतं, माया होती. वाचताना मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. शेवटी बघितलं तर सगळ्यांना हो म्हणून झालं होतं आणि माझी दोन बोटं गेली होती.

औषध नव्हतं म्हणतेस. बरं. पण मला ठाऊक असतं तर पहिलं बोट सुजलं तेव्हा मी थंडीला दोष देत बसले नसते. चालत दवाखान्यात गेले असते. दवाखाना कोपऱ्यावर आहे. मला कोणी उचलून न्यायचं नव्हतं. मी गोळ्या घेऊन शिलाई केली असती, किंवा ते काम परत केलं असतं, किंवा नसतंही केलं. यातलं काय करायचं ते मी ठरवायचं होतं. तुम्ही दोघांनी माझ्याच घरात माझ्याबद्दल ठरवलं आणि मला खळ ढवळायला ठेवलं.

यांच्याबद्दल काय लिहू. तू असतीस समोर तर दोन शब्द सुनावले असते, तू रडली असतीस, मी चहा केला असता. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. स्टूल रिकामं असतं. ते चाक मी इतके दिवस मायेचं धरून बसले होते. आता कळलं, ती पाळत होती. माझ्या बोटांकडे बघून मग माझ्या तोंडाकडे बघत आणि थंडीचं आहे म्हणत. कदाचित माया आणि पाळत दोन्ही होतं, एकाच पिळात. पण मला आता ते वेगळं करता येत नाही, आणि वेगळं केल्याशिवाय आठवता येत नाही. तू लिहिलंस की तुला ती आठवण काढून घेता आली नाही. घेतलीस. एवढंच की मला वर्षभर तिच्यावर टेकू दिलंस आणि मग काढलीस.

ग्रंथालयाची ती सगळी पुस्तकं मीच शिवली. यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून प्रत्येक कणा तपासला आणि शाबास म्हटलं. तेव्हा बरं वाटलं होतं.

कूर्चेचं वाचून मी हसले. लग्नानंतर आमचं इतकं जवळून जमलं ते तुझ्या काचेवर, आणि तेही मी त्यांना खात होते. त्यांना ते कळलं होतं आणि ते हसले होते. मला कळू दिलं असतं तर तेव्हा मीही हसले असते. दोघांनी मिळून हसण्यासारखी ती एकच गोष्ट त्या सगळ्यात होती.

आता रक्ताचं. देणार नाही. पुढच्या माणसांचं भलं होईल हे मला कळतं, मी अडाणी नाही. पण माझ्या हातातून जे काढायचं ते तुमच्या नळीत आधीच आहे, आणि त्याचं तुम्ही काय केलंत ते मी पाहिलं. जुनी नळी ठेवा, तुमच्या नियमाने ती तुमचीच आहे.

पुढच्या माणसांचं तू फार लिहिलंस. त्या दुसऱ्या बाईचं एका ओळीत लिहिलंस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओळीपाशी अडकले. फिकट उजळली म्हणतेस. म्हणजे कदाचित तिला अजून काही झालं नसेल. मनात आलं, आत्ता ती कुठेतरी कपडे पिळत असेल, बोटं जरा जड वाटत असतील, आणि कोणीतरी तिला सांगत असेल की थंडीचं आहे. तुम्हाला तिचं नाव ठाऊक आहे. तुझ्या सरांच्या कपाटात आहे. तिची बोटं बहुतेक अजून सरळ आहेत.

तू पुढच्या महिन्यात येऊ नकोस. मी रागावलेली आहे म्हणून नव्हे. तू दारात उभी राहिलीस की मी तुला आत घेईन, हे मला माहीत आहे, आणि मला इतक्यात तुला आत घ्यायचं नाही. औषध चालू आहे. मळमळतं. शिलाईचं काम मी पलीकडच्या गल्लीतल्या बाईंडरला दिलं, त्याच्या बायकोचा हात चांगला आहे. मी पुठ्ठ्यांना कापड लावते, तेवढं जमतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसने तुझ्या शहरात, तुझ्या प्रयोगशाळेत आले. तू आत होतीस, दाराच्या काचेतून दिसलीस, डोळा यंत्राला लावून बसली होतीस. मी हाक मारली नाही. तुझ्या सरांच्या खोलीत गेले, मी कोण ते सांगितलं, आणि म्हटलं, त्या दुसऱ्या बाईला कळवा. ते नियमाचं बोलू लागले. मी ऐकून घेतलं, मग बाहेर येऊन त्यांच्या दारासमोरच्या बाकावर बसले आणि त्यांनी तिला फोन लावेपर्यंत उठले नाही.

काकू